बाळंतिणीचे रडू सव्वा महिन्यानंतरही थांबत नाही

प्रश्न (फोंडा)
आमची मुलगी सहा आठवड्यांची झाली. पत्नी दिवसातून दोन-तीनदा कारण नसताना रडते, बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नाही, आणि काल तर समोरची पेज निवून तिच्यावर साय धरेपर्यंत ती वाटीकडे नुसती पाहत बसली होती. माझी आई म्हणते की अंगावरचे दूध पुरत नाही, वरचे सुरू करावे. सावंतवाडीहून आलेल्या सासूबाईंना ते मुळीच मान्य नाही. मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये काम करतो, आणि खरे सांगायचे तर हल्ली शिफ्ट संपूच नये असे वाटते. बाळंतपणात असे चालायचेच, असे समजून थांबावे काय?

उत्तर (म्हापसा, निवृत्त परिचारिका)
थांबू नये. प्रसूतीनंतर तिसऱ्या-पाचव्या दिवशी येणारे रडू साधारणपणे दोन आठवड्यांत ओसरते. सहाव्या आठवड्यातही ते टिकून असेल आणि झोप उडाली असेल, तर ते नैराश्य असू शकते, व त्यावर उपचार आहेत. १९८७ साली तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न विचारते. तेरा किंवा अधिक गुण आल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे, मात्र गुण म्हणजे निदान नव्हे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आले, तर बेरीज करीत न बसता त्याच दिवशी बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आणखी एक. गोव्यातील मातांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के जणींना नैराश्य आढळले होते, आणि त्याच्या कारणांचा शोध गरिबी, पतीशी बेबनाव व बाळ मुलगा की मुलगी या गोष्टींपर्यंत पोहोचला होता. मुलगी झाली म्हणून घरात कोणी काही बोलले आहे काय?

उत्तर (साखळी)
दुधाचा वाद मतांनी मिटणार नाही. बाळाचे वजन वाढत असेल आणि चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरते आहे. हे आपल्या आईला आपणच सांगावे, सुनेच्या तोंडून वदवू नये. रात्री एका वेळी बाळाला आपण सांभाळले, तर तिला सलग चार तास झोप मिळेल. शिफ्ट संपू नये असे वाटते, हेही डॉक्टरांना सांगा. नैराश्य वडिलांनाही येते.

प्रश्नकर्ता
मुलीविषयीचा प्रश्न वाचून थबकलो. बारशाला माझ्याच मावशीने ‘पुढच्या खेपेला बघू’ असे म्हटले होते. मी ते हसण्यावारी नेले. पत्नी तेव्हा पाळण्याची दोरी धरून शेजारीच उभी होती. उद्याची रजा टाकली आहे, आम्ही दोघेही डॉक्टरांकडे जात आहोत.