पहिलाच गेमिंग पीसी लावतोय, पार्टची यादी जरा बघता का

नवखा_०७

नमस्कार मंडळी, तीन वर्षं दादाच्या जुन्या लॅपटॉपवर खेळतोय, त्याचा फॅन असा ओरडतो की आई दुसऱ्या खोलीतनं विचारते मिक्सर कोणी लावलाय. आता थोडे पैसे साठलेत आणि पहिल्यांदाच स्वतः पार्ट घेऊन पीसी लावायचाय. बजेट ताणून ताणून एवढंच, वर एक पैसा जाणार नाही. व्हिडिओ बघून बघून ही यादी काढलीय:

रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक (नंतर अजून एक टाकीन), आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, २५६ जीबी एसएसडी आणि १ टीबी हार्ड डिस्क, आणि एक काचेचं कॅबिनेट, त्यात चार आरजीबी फॅन आणि ५०० वॅटचा पॉवर सप्लाय सोबतच येतोय.

मॉनिटर घरात आहे, २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ. खेळणार व्हॅलोरंट, जीटीए ५, आणि खूप दिवसांपासून मनात असलेले सायबरपंक नि एल्डन रिंग. चुकलंय का कुठे? ८ कोरचा प्रोसेसर घेतला तर पुढची पाच-सहा वर्षं बघायला नको असं मला वाटतंय.

उलटा_स्क्रू

यादी वाईट नाहीये पण पैसा चुकीच्या खिशात गेलाय. गेमिंगच्या पीसीत आधी ग्राफिक्स कार्ड ठरवायचं आणि मग उरलेल्यात बाकीचं बसवायचं, तू उलट्या बाजूने सुरुवात केलीयस. माझा ढोबळ हिशोब असा की बजेट शंभर धरलं तर ३५-४० कार्डला गेलेच पाहिजेत, तुझ्या यादीत प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सारखंच खातायत.

५७००एक्स काढ, रायझन ५ ५६०० टाक. ६ कोर १२ थ्रेड, तू सांगितलेल्या चारही गेमना पोटभर आहे. आणि एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत, ५७००एक्स च्या डब्यात कूलर येतच नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, ५६०० च्या डब्यात येतो. म्हणजे तुझी बचत दोन ठिकाणी झाली.

ती सगळी बचत कार्डात घाल. ३०५० या नावाखाली दोन वेगळी कार्डं विकतात हे माहितीये का, ८ जीबीवालं आणि ६ जीबीवालं, आणि ६ वालं नुसतं मेमरीनेच कमी नाही, आतले कोरही कमी आणि मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) १२८ बिटवरनं ९६ वर आणलीय. त्याचं कौतुक एकच, ७० वॅटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. जुन्या ऑफिसच्या डबड्यात टाकायला बेस्ट, पण तू सगळं नवीन घेतोयस तर कशाला? आरएक्स ६६०० बघ, ८ जीबी, १३२ वॅट, १०८०पी ला ३०५० च्या बरंच पुढे आहे.

हार्ड डिस्कपण काढ. सायबरपंकने २०२३ च्या २.० अपडेटपासनं एसएसडी किमान गरजेतच टाकलीय. २५६ मधे विंडोज आणि एक मोठा गेम गेला की झालं, मग रोज हे डिलीट कर ते डिलीट कर. ५०० जीबी ते १ टीबी जे जमेल ते एकच एनव्हीएमई (बोर्डावरच बसणारी वेगवान एसएसडी) घे.

फ्रेममोजणारी

वरच्यांशी सहमत, फक्त रॅमचं सुटलं त्यांचं. एक स्टिक आत्ता आणि एक नंतर असं करू नकोस रे, ८ च्या दोन एकदमच घे, एकाच पाकिटातल्या. एका स्टिकवर प्रोसेसर एका चॅनलने मेमरीशी बोलतो, दोनावर दोन चॅनलने, आणि व्हॅलोरंटसारख्या गेममधे हा फरक डोळ्याला दिसतो, सरासरी फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात) सोड, मधेच जो गचका बसतो ना तो कमी होतो. शिवाय ८ जीबीत आज सायबरपंक उघडून मागे ब्राउझर चालू ठेवून बघ, रडशील.

बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा, पहिला-दुसरा नाही. दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच मिटला.

आता खरी गोष्ट, तो कॅबिनेटसोबत येणारा पॉवर सप्लाय. मी माझ्या पहिल्या पीसीत हेच केलं होतं, नाव नाही घेत पण डब्यावर मोठ्ठं ५०० वॅट लिहिलं होतं. पीसी डेस्कटॉपवर दिवसभर चालायचा, गेमच्या मेनूतपण तासभर काही नाही, आणि लढाई सुरू झाली, स्क्रीनवर आग-धूर वाढला की टक्‌ असा आवाज आणि काळोख. रॅम बदलली, विंडोज दोनदा टाकलं, कार्डवाल्यांना शिव्या घालून झाल्या, तीन आठवडे गेले. शेवटी सप्लाय बाहेर काढून त्याच्या अंगावरचा स्टिकर नीट वाचला. बारा व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८ किती, २१६. म्हणजे कामाचे २१६ वॅट, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून ५०० ची बेरीज केलेली, आणि कार्ड नि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळं बारा व्होल्टवरच पितात.

तुझं उदाहरण घे, ६६०० चे १३२ आणि ५६०० चा भर कामातला ७६ धर, झाले २०८, अजून फॅन, एसएसडी, बोर्ड मोजलाच नाही. आणि कार्ड क्षणभरासाठी या आकड्याच्या वर उसळी मारतं ती वेगळीच. स्टिकर वाच, बारा व्होल्टचा रकाना एकूण वॅटच्या जवळपास यायला पाहिजे, ५५० चा असेल तर ५०० च्या वरच. आणि ८० प्लसचं चिन्ह बघून भुलू नको, ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, आतले पार्ट कसे आहेत आणि शॉर्ट झालं तर वेळेवर बंद होईल का हे नाही सांगत. मॉडेलचं नाव टाकून कोणी उघडून तपासलेला रिव्ह्यू आहे का तेवढं शोध.

थंडडोकं

मी थोडा वेगळा सूर लावतो. एएम४ (५६०० ज्यात बसतो ते बोर्डावरचं सॉकेट) आता म्हातारं झालंय मित्रा. आत्ता ५६०० घेशील पण पुढे सॉकेट संपलेलंच, एएमडीने एएम५ ला २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ म्हटलंय, तर रायझन ५ ७६०० घेऊन एएम५ वर जा, दोन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदल. आणि कार्डात इंटेलचं आर्क बी५८० बघितलंस का, १२ जीबी आहे, ८ जीबी आता कमी पडायला लागलीय.

उलटा_स्क्रू

@थंडडोकं तुझं म्हणणं पैसा असेल तर बरोबर आहे, पण एएम५ ला डीडीआर५ च लागते, डीडीआर४ बसतच नाही, बोर्ड महाग, म्हणजे तिथे जास्त गेलेला पैसा परत कार्डातनंच कापला जाणार. ज्याने बजेटला कुलूप लावलंय त्याला पुढच्या अपग्रेडचं गाजर दाखवून आत्ता कमी फ्रेम द्यायच्या हे मला पटत नाही. आणि बहुतेक जण दोन वर्षांनी प्रोसेसर बदलतच नाहीत, मी पण नाही बदलला, खोटं कशाला बोलू.

बी५८० चांगलं कार्ड आहे, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो, ५६०० सारख्यासोबत काही गेममधे फ्रेम पडतात, आणि रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बायॉसमधनं, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमधनं, चालू नसेल तर अजूनच आपटतं. पहिल्याच पीसीला ही डोकेदुखी नको.

थंडडोकं

ठीके, कुलूपवालं बजेट हे वाचायचं राहिलं. मग ६६०० च. पण ८ जीबी कमी पडेल हे माझं म्हणणं मी सोडत नाही 😄

फ्रेममोजणारी

७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर १०८०पी ला टेक्श्चर एक पायरी खाली केलं की काही नाही होत. आणि एल्डन रिंग तर ६० फ्रेमच्या वर जातच नाही, कुठलंही कार्ड आणा.

नवखा_०७

बापरे, स्टिकरचं वाचून मी त्या कॅबिनेटच्या सप्लायचा फोटो झूम करून बघितला, बारा व्होल्टसमोर २० ए लिहिलंय 😐 म्हणजे २४०. काचेचं कॅबिनेट गेलं म्हणजे. खूप आवडलं होतं राव.

नवीन यादी: ५६००, १६ जीबी रॅम (८ च्या दोन स्टिक, ३२०० स्पीड), आरएक्स ६६००, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० चा वेगळा चांगला सप्लाय, साधं जाळीचं कॅबिनेट दोन फॅनवालं. बोर्ड ए५२० ठेवू का बी५५०? आणि एक सेकंडहँड बी४५० पण मिळतोय. आणि कार्डपण सेकंडहँड घेतलं तर?

उलटा_स्क्रू

आता कशी यादी वाटतेय. जाळीचं कॅबिनेट काचेपेक्षा थंडच राहतं, रडू नको.

ए५२० चालेल. त्यात पीसीआयई (कार्ड बसतं तो स्लॉट) ३.० आहे आणि बी५५० मधे ४.०, ६६०० आठ लेन (डेटाच्या वाटा) वापरतं म्हणून ३.० वर फारसं बिघडत नाही. ६५००एक्सटी कार्ड असतं तर ओरडलो असतो, त्याला चारच लेन आणि ४ जीबी, ३.० वर पार झोपतं ते. बी४५० जपून, बायॉस जुनं असेल तर ५६०० लावून डिस्प्लेच येणार नाही आणि अपडेट करायला जुना प्रोसेसर कुठनं आणणार तू? मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हने होतं, नसेल तर सोड. वायफाय लागणार असेल तर बोर्डात आहे का बघ, स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डात नसतं.

सेकंडहँड कार्ड समोर चालवून दाखवत असतील तरच. पंधरा-वीस मिनिटं लोड देऊन बघ, स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा आल्या तर नमस्कार करून निघ. सगळे फॅन फिरतायत का, सगळे पोर्ट चालतात का, वॉरंटी उरलीय का. पहिल्या पीसीला मी मात्र कार्ड नवीनच घेईन, कारण काही बिघडलं तर दोष कुठल्या पार्टात आहे हे शोधायला तुझ्याकडे दुसरे पार्ट नाहीयेत.

फ्रेममोजणारी

अजून एक, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या दोन्ही सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. बोर्डात असतात पण बंद असू शकतात, बायॉसमधे जाऊन चालू कर. आणि डिस्प्लेची केबल कार्डाला लाव, बोर्डाला नाही, ५६०० मधे ग्राफिक्स नाहीये.

नवखा_०७

मंडळी लावला!! कार्ड नवीनच घेतलं शेवटी. पण आधी पाऊण तास घाम फुटला, फॅन फिरतायत पण डिस्प्ले नाही, केबल कार्डालाच होती ताई, चार वेळा तपासली. बोर्डावर चार छोटे दिवे असतात ना, त्यातला डीरॅमवाला (म्हणजे रॅमचा) पेटून राहिला होता. या बोर्डात रॅमच्या स्लॉटला एकाच बाजूला क्लिप आहे, दुसरीकडे नुसता खाचा, आणि त्या बाजूने स्टिक अर्धी वरच राहिलेली, नवीन बोर्ड मोडेल म्हणून मी जोरच दिला नव्हता. दादाने अंगठ्याने दाबली, कट्‌ आवाज आला आणि लगेच स्क्रीन.

सायबरपंक चालतोय, मस्त चालतोय. आवाज एवढा कमी की मी सारखा वाकून बघतोय फॅन फिरतोय का.

फ्रेममोजणारी

अभिनंदन! एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवायचं बायॉसमधलं सेटिंग) चालू केलंस का? नाहीतर ३२०० ची रॅम तिच्या मूळच्या कमी स्पीडवरच चालत असेल. टास्क मॅनेजरमधे मेमरीवर जा, स्पीड बघ.

नवखा_०७

२४०० दाखवतंय.

थांबा, आलोच.