मदत हवी आहे: मोबाइलवरून सर्व्हरला जोडता येत नाही, पाचच्या आत हवंय

रानवारा (दुपारी १२:४०)
गणपतीसाठी कोकणात आलोय, लॅपटॉप घरी. हातात फक्त अँड्रॉइड फोन. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रातला सर्व्हर मी बघतो. सकाळपासून तिथून फोनवर फोन, पावती छापताना एरर येतोय म्हणून. फोनवरून एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरून आज्ञा चालवायची सोय) करतोय तर जातच नाही. दोन वर्षं याच फोनवरून याच पद्धतीने काम केलंय. आज दहा दिवसांचं बिल काढायचंय, सणाला लोकांच्या हातात पैसे पडायला हवेत. पाचला संध्याकाळचं दूध येतं. लवकर सांगा.

खटपट्या (१२:४८)
'जातच नाही' म्हणजे नेमका संदेश काय? 'रिफ्यूज्ड' आलं तर हाक मशीनपर्यंत पोचतेय, पण आत ऐकणारं कोणी नाही. 'टाइम्ड आउट' आलं तर हाक पोचतच नाही, किंवा फायरवॉल गिळतेय. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. आणि पत्ता काय टाकतोस, आयपी की नाव?

जुनाजाणता (१२:५५)
नोकिया ई७१ वर पुट्टी या एसएसएच ॲपची सिंबियन आवृत्ती टाकून जीपीआरएसवर मी असेच सर्व्हर सांभाळले आहेत. खऱ्या बटणांचा कीबोर्ड होता, कंट्रोल की शोधावी लागत नसे. आताच्या काचेवर टाइप करताना रूट म्हणून (सगळे अधिकार हातात असताना) चुकीची आज्ञा जायची भीती वाटते. शक्य असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड मिळवा.

रानवारा (१:०२)
टाइम्ड आउट. डायनॅमिक डीएनएसचं नाव टाकतो (आयपी बदलला तरी ते नाव नव्या आयपीकडे नेतं). ॲप टर्मक्स, फोनवर आज्ञा टाइप करायचं. सर्व्हरवर डेबियन लिनक्स.
काका, इथे वाडीत कीबोर्ड कुठून आणू?

सदाफुली (१:०५)
घाटात रेंज गेली की सत्र तुटतं ना? साध्या एसएसएचऐवजी मॉश वापरा. २०१२ मध्ये एमआयटीतून आलेलं आहे, यूडीपीवर चालतं, नेटवर्क बदललं तरी सत्र टिकतं. जोडीला टीमक्स ठेवा, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम मरत नाही. सर्व्हरवर ६०००० ते ६१००० पोर्ट मोकळे लागतील.

खटपट्या (१:०९)
ताई, मॉश आधी एसएसएचनेच आत शिरतं. ते बंद असेल तर मॉशही बंद.
रानवारा, गेल्या आठ दिवसांत तिथे काय बदललं? वायर, राउटर, कनेक्शन, काहीही.

डोंगरमाथा (१:१२)
डिस्क भरली असणार, पावती न छापण्याचं हेच कारण. जर्नलसीटीएलला व्हॅक्यूम साइझ २०० एम द्या, जुन्या नोंदी जातील, मग ॲप्ट क्लीन, उतरवलेली पॅकेजेस जातील. आमच्या पतसंस्थेत दर सहा महिन्यांनी हेच होतं.

खटपट्या (१:१३)
आत शिरता येत नाही हा प्रश्न आहे, डोंगरमाथा.

रानवारा (१:३१)
मंगळवारी जुनं ब्रॉडबँड काढून ४जी राउटर बसवलाय म्हणे. मला कोणी बोललं नाही.

खटपट्या (१:३४)
हे पहिल्या ओळीत हवं होतं. कोणालातरी राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) वाचायला सांग. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर सीजीनॅट. एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. तुझं डीएनएस त्या सामाईक पत्त्याकडे बोट दाखवतंय, पुढे रस्ताच नाही.

पोर्टवाला (१:३८)
राउटरमध्ये २२ नंबर पोर्ट (एसएसएचचं दार) सर्व्हरकडे फॉरवर्ड करा, दोन मिनिटांचं काम. कॉकपिट टाकून ९०९० पण उघडा, ब्राउझरमधून सगळं दिसतं.

खटपट्या (१:४०)
सीजीनॅटमध्ये फॉरवर्ड करून उपयोग शून्य, सार्वजनिक पत्ता त्यांचा नाहीच. आणि लोकांच्या दुधाचे हिशेब असलेल्या मशीनचं ९०९० जगाला उघडं ठेवायला कृपया सांगू नका.

पोर्टवाला (१:४४)
माझ्याकडे तीन वर्षं उघडं आहे, काही झालं नाही. स्टॅटिक आयपी घ्या मग.

सदाफुली (१:४७)
तो आज पाचच्या आत मिळणार आहे का?

रानवारा (१:५८)
१००.७२ ने सुरू होतोय. सचिवांची मुलगी तिथे बसलीय, टायपिंग चांगलं आहे तिचं.

खटपट्या (२:०१)
झालं तर. मशीन बाहेर जाऊ शकतं, फक्त आत कोणी येऊ शकत नाही. तिच्याकडून टेलस्केल टाकून घे, ते दोन्ही मशीन बाहेर जाऊन एकाच खासगी जाळ्यात जोडतं. सुरू केल्यावर पडद्यावर एक लिंक येईल, तिचा फोटो तुला पाठवायला सांग. ती तू तुझ्या फोनवर उघडून परवानगी दे. मग फोनमध्येही तेच ॲप. पासवर्ड तिला फोनवर सांगावा लागेल, रात्री बदल.

वायरगार्डप्रेमी (२:०६)
टेलस्केलच्या आत वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे. स्वतःचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन सरळ वायरगार्ड लावा, मधल्या कंपनीवर विसंबायला नको.

रानवारा (२:२५)
टाकताच येत नाहीये. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

खटपट्या (२:२६)
डोंगरमाथा, तुमचं बरोबर होतं. रानवारा, त्यांच्या दोन्ही आज्ञा तिला वाचून दाखव.

रानवारा (३:१०)
आत शिरलो!! पावत्या छापल्या जातायत. पण मोकळे झालेले ८०० एमबीच. डिस्क कशाने भरली ते बघतोय.

रानवारा (३:५२)
सापडलं. रोजचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो. राउटरला प्लग हवा म्हणून त्या डिस्कचा अडॅप्टर काढून ठेवलाय. डिस्क माउंट (फोल्डरला जोडलेली) नाही, पण फोल्डर जागेवर, त्यामुळे मंगळवारपासूनचे बॅकअप मूळ डिस्कवरच साचत गेले.

डोंगरमाथा (३:५८)
डिस्क परत जोडण्याआधी त्या फोल्डरमधलं काढा, नाहीतर माउंट झाल्यावर ते खाली झाकलं जाईल आणि जागा का भरलेली दिसते ते कळणार नाही. शेवटचा बॅकअप मात्र फोनवर उतरवून ठेवा. स्क्रिप्टमध्ये आधी माउंटपॉइंट तपासायची एक ओळ घाला.

रानवारा (४:४०)
ओळ घातली. जुने काढले, शेवटचा फोनवर घेतला. ती आता एक्स्टेन्शन बोर्ड आणायला गेलीय. बिल काढायला घेतलंय, टीमक्समध्ये. खटपट्या, डोंगरमाथा, खूप आभार.

पावसाळी (४:५१)
आयफोनवर टर्मक्स मिळत नाही, तिथे काय वापरता?