पद्मिनी गरम असताना बंद केली की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो : दोष कोठे शोधावा?

प्रश्न : नाशिककर

माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचेच, १०८९ सीसीचे, कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) सोलेक्स कंपनीचा. सकाळी चोक ओढला की गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते. मात्र अर्धा तास चालवून बंद केली आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू करू गेलो, तर पेट्रोलचा उग्र वास येतो, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि चालू होताच सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. प्लग काढून पाहिले. चारही काजळीने काळे आणि किंचित ओले होते. लिटरमागे तेरा किलोमीटर देणारी गाडी आता जेमतेम नऊ देते. दोन महिन्यांत कार्बोरेटरची किट (आतल्या झिजणाऱ्या सुट्या भागांचा संच) दोनदा बदलली, पण गुण नाही. दुसऱ्या किटनंतर तर त्रास वाढलाच. आता मेकॅनिक नवा कार्बोरेटर बसवू म्हणतात. तो खर्च करण्यापूर्वी घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : डोंबिवलीचा सारथी

हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा हा प्रताप असावा. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्याने आतून सुटतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही मोकळा होतो, आणि त्यातला एखादा कण नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी सुई) व तिची सीट (सुई टेकते ती जागा) यांच्यामध्ये अडकला की पेट्रोल थांबत नाही. पंपाच्या अलीकडे फिल्टर नसेल तर आधी तो बसवून घ्या. चोकची केबलही पाहा. आतली मूठ पूर्ण आत गेली तरी कार्बोरेटरवरचा लिव्हर अर्धवट राहतो, हे मी माझ्याच गाडीत पाहिले आहे.

प्रतिसाद : जुनी फियाट

वरील दोन्ही शक्यता नाकारण्याजोग्या नाहीत, परंतु चोक अडकला असेल तर मिश्रण गाडी चालू असतानाच श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) होते. इंजिन बंद झाल्यावर पेट्रोल ठिबकण्याचे काम चोक करीत नाही. म्हणून काहीही उघडण्यापूर्वी पेट्रोल केव्हा आणि कोठून ठिबकते, एवढेच डोळ्यांनी पाहून घ्यावे. गाडी मोकळ्या जागी लावावी, जवळ अग्निशामक नळकांडे ठेवावे आणि बघताना हातात पेटता दिवा किंवा विडी नको, हे सांगण्याची वेळ येऊ नये, तरी सांगतो.

एअर क्लीनर काढून इंजिन चांगले गरम होऊ द्या. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू असतानाच टॉर्चने कार्बोरेटरच्या घशात पाहा. मुख्य नळीच्या तोंडातून तेव्हाच थेंब पडत असतील, तर फ्लोट चेंबरमधील, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यातील, पातळी सरळसरळ जास्त आहे. चालू असताना कोरडे आणि बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी ठिबकू लागले, तर दोन गोष्टी संभवतात : गरम इंजिनामुळे चेंबरमधील पेट्रोल उकळून वर येते, किंवा पंपानंतरच्या पाइपात अडकलेले पेट्रोल तापून त्याच्या दाबाने नीडल खाली ढकलली जाते. यांतला फरक ओळखणे सोपे आहे. पुढच्या वेळी इंजिन बंद करताच एसी पंपाकडून (पेट्रोलच्या पंपाकडून) कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप गुळगुळीत जबड्याच्या चिमट्याने दाबून धरा. ठिबकणे थांबले तर संशय नीडलवर; तरीही चालू राहिले तर चेंबरमधल्याच पेट्रोलवर, म्हणजे उष्णतेवर किंवा मुळातच उंच राहिलेल्या पातळीवर.

त्यानंतरच कार्बोरेटरचे झाकण उघडावे. फ्लोट (पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणारा पोकळ तरंगता) पितळी असेल तर कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डुचमळले तर तो फुटका आहे. शंका असल्यास गरम पाण्यात बुडवा, बारीकशा भोकातूनही बुडबुडे येतात. मात्र आपल्याकडे किट दोनदा बदलली आणि दुसऱ्यांदा त्रास वाढला, यावरून माझा संशय वेगळ्याच ठिकाणी जातो. सोलेक्समध्ये नीडल व्हॉल्व्ह झाकणात आट्यांनी बसतो आणि त्याच्याखाली एक वॉशर असतो. तो केवळ गळती थांबवण्यासाठी नसून पेट्रोलची पातळी त्याच्याच जाडीवर ठरते. वॉशर पातळ घातला तर व्हॉल्व्ह वर सरकतो, फ्लोटला त्याला बंद करण्यासाठी अधिक वर यावे लागते, आणि तेवढी पातळी चढते. बाजारातल्या किटमध्ये येईल तो वॉशर लावून देण्याची सवय फार आहे. जुना वॉशर मिळाला तर दोन्हींची जाडी मोजून पाहा.

गरम गाडी चालू करताना ॲक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरा आणि तसाच ठेवून सेल्फ मारा. पायाने पुन्हा पुन्हा पंप केल्यास प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत जाते.

प्रतिसाद : पुणेरी पाना

डिपस्टिक काढून ऑइलचा वासही घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसत असेल, तर ऑइल लगेच बदलावे. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असला तरी पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, तेव्हा तोही तपासून घ्यावा.

नाशिककर

रविवारी आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. आयडलवर घसा कोरडा होता. बंद केल्यावर तिसऱ्या मिनिटाला नळीच्या तोंडाशी पहिला थेंब जमला आणि खाली पडला. पाइप दाबून धरला तरी थेंब थांबले नाहीत. फ्लोट कानाशी धरून हलवला, आवाज नाही. गरम पाण्यातही बुडबुडे नाहीत. मग वॉशरकडे वळलो. मेकॅनिकच्या नट-बोल्टांच्या डब्यात तळाशी माझा मूळ वॉशर सापडला. व्हर्निअरने मोजला तर तो एक मिलिमीटरचा, आणि किटमधला बरोबर त्याच्या निम्मा. जुना तापवून मऊ करून परत लावला. तीनशे किलोमीटर झाले. गरम गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, तेही बदलले. मेकॅनिकने वॉशर हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला आणि डब्यातले बाकीचे वॉशरही जाडीप्रमाणे वेगळे करायला बसला.