मदत हवी आहे: पॅनलच्या काचेतून इन्फ्रारेडने रीडिंग घ्यायचो, आता पामटॉप कोरा झालाय

मंडळी, सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डाइंगच्या पंपांचं पॅनल जुनं आहे. त्यातल्या मोटर रिलेच्या (बिघाड झाला की मोटर बंद करणाऱ्या डब्याच्या) तोंडावर करंगळीच्या नखाएवढं काळपट लाल भिंग आहे. आमचे आधीचे साहेब (आता रिटायर) दाराच्या काचेसमोर पामटॉप (तळहातावर मावणारा जुना कॉम्प्युटर) धरायचे, की तिन्ही फेजचे अँपिअर आणि शेवटच्या ट्रिपा (रिलेने मोटर कधी, का बंद केली) स्क्रीनवर. आत ४१५ व्होल्टचे उघडे बसबार (वीज वाहणाऱ्या पट्ट्या) आहेत, त्यामुळे दार न उघडता काम व्हायचं हे फार बरं होतं. फक्त दुपारी खिडकीतलं ऊन भिंगावर आलं की लिंक तुटायची. मग साहेब टोपी आडवी धरायचे.

गेल्या महिन्यात हेल्पर पोराने पामटॉपचे दोन्ही बारीक सेल काढले आणि नवे दुसऱ्या दिवशी टाकले. चालू झाला, पण आतला प्रोग्रॅमच गेला. सीडी सापडत नाही.

माझ्या फोनला इन्फ्रारेड आहे, ऑफिसचा एसी त्यावर चालतो. काचेला टेकवून पाहिला, रिले ढिम्म. इकडे तीन नंबरचा पंप आठवड्यातून दोनदा ट्रिप होतोय. एखादं अ‍ॅप आहे का?

प्रतिसाद १
दादा, अ‍ॅपने नाही होणार. फोनचं इन्फ्रारेड नुसतं बोलतं, त्याला कान नाहीत. आणि बोलतं तेही रिमोटचं, साधारण ३८ किलोहर्ट्झवर. तुमचं भिंग बहुतेक आयआरडीए असणार, म्हणजे इन्फ्रारेडने दोन्हीकडून डेटा पाठवायची जुनी पद्धत. तिथे आधी ९६०० बॉडच्या वेगाने ओळखपाळख होते, मग सवाल-जवाब. यूएसबीचा आयआरडीए डोंगल जुन्या एक्सपी लॅपटॉपला लावून लिंक जुळेलही, पण आकडे उलगडणारा प्रोग्रॅम कुठून आणणार? त्यापेक्षा रिलेच्या मागे आरएस-४८५ चे (वायरवरून डेटा पाठवायचे) टर्मिनल आहेत का बघा. असतील आणि मॅन्युअलमध्ये मोडबसचा (कुठला आकडा कुठे वाचायचा त्याचा) तक्ता असेल, तर शटडाऊनमध्ये एकदा वायर ग्लँडमधून (पॅनलच्या केबलच्या भोकातून) बाहेर काढायची. दार कायम बंद.

प्रतिसाद २
वीजमीटरवर असतो तसला ऑप्टिकल पोर्ट तर नाही ना? त्याला चुंबकाने चिकटणारा प्रोब लागतो आणि बोलणं ३०० बॉडपासून सुरू होतं. पण तो काचेबाहेरून चाललाच नसता, म्हणजे आयआरडीएच. बाकी, पंप ट्रिप होतो तेव्हा रिलेवर कुठला दिवा लागतो? ते तर काचेतून डोळ्यांनी दिसतं.

धागाकर्ता
खरंच की! लॉगबुक चाळलं. दर वेळी ओव्हरलोडचा नाही, फेजचा (एखादी फेज नीट येत नसल्याचा) दिवा. पामटॉपच्या नादात तिकडे लक्षच गेलं नाही. रविवारी शटडाऊन आहे. कॉन्टॅक्टर आणि फ्यूजची कनेक्शनं तपासून आवळतो, रिलेची मागची बाजूही बघतो. ४८५ निघालं तर टर्मिनलचा फोटो इथेच टाकतो, वायरिंग कसं करायचं ते सांगा.