इंग्रजी कपाटात चेतन भगत ठेवायचा की नाही?

ग्रंथमित्र_ता

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात भारतीय इंग्रजी कादंबऱ्यांचं एक कपाट सुरू करायचं ठरलंय. पहिल्या खेपेला आठ हजार रुपये मंजूर आहेत. वाचक मुख्यतः अकरावी ते पदवीचे, बहुतेक मराठी माध्यमाचे. शिवाय काही निवृत्त शिक्षक, जे इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचतात पण कादंबरीला हात लावत नाहीत.

कार्यकारी मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, ही स्टेशनवरच्या स्टॉलची पुस्तकं, वाचनालयात कशाला. दुसरा म्हणतो, पोरं निदान हातात पुस्तक तरी धरतील. दोघांनीही त्यातलं फारसं वाचलेलं नाही, हे सांगायला नकोच.

तीन प्रश्न. या खपाऊ कादंबऱ्यांत नेमकं चांगलं काय आणि वाईट काय? 'भाषा सोपी' आणि 'उथळ' याच्या पुढे जाऊन सांगा. न वाचलेलं पुस्तक दुकानात उभ्या-उभ्या कसं पारखायचं? आणि यादी कशी करावी? रश्दी, अरुंधती रॉय वगैरे नको, ते पुढच्या खेपेला.

आडवाचक

पहिल्या तटाला आधी एवढंच विचारा, की बाबूराव अर्नाळकर आणि सुहास शिरवळकर मराठी कपाटात आहेत ना? असणारच, आणि त्यांचेच पुठ्ठे सगळ्यात जास्त निघालेले असणार. मग इंग्रजीत तोच माल आला की सोवळं कसलं?

आता भगत. 'फाइव्ह पॉइंट समवन' २००४ मध्ये रूपा प्रकाशनाने काढलं, किंमत ९५ रुपये. नवी इंग्रजी कादंबरी तेव्हा याच्या दुप्पट-तिप्पट पडायची, त्यामुळे किंमत हीच निम्मी बातमी होती. उरलेली निम्मी म्हणजे निवेदक. आयआयटीतला असूनही गुणांत मागे पडलेला, स्वतःबद्दल फार भ्रम नसलेला मुलगा. त्यानंतरच्या बऱ्याच पुस्तकांत एक ठरलेली चौकट दिसते: सुरुवातीला लेखक स्वतःच येतो आणि कुणीतरी त्याला आपली गोष्ट देतं. कधी आगगाडीतली मुलगी, कधी अहमदाबादहून आलेला ईमेल, कधी पाटण्याच्या हॉटेलात वह्या घेऊन आलेला तरुण. समीक्षक या युक्तीला हसतात, पण ती चोख काम करते. गोष्ट सांगणारा लेखक नाही, म्हणून त्याची तोकडी वाक्यं खटकत नाहीत. तुमच्या मराठी माध्यमाच्या वाचकाला हीच वाक्यं पहिलं इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत नेऊन सोडतात.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात भरीव काम 'रिव्होल्यूशन २०२०' (२०११). वाराणसीचा गोपाळ राजस्थानातल्या कोटा शहरात अभियांत्रिकी प्रवेशाचा क्लास लावतो, रँक येत नाही, आणि पुढे आमदाराच्या पैशावर खासगी अभियांत्रिकी कॉलेज उभं करतो. शेतजमीन बिगरशेती कशी होते, नकाशा कुठे अडतो, तपासणी समिती आली की काय काय करावं लागतं, कुठल्या टेबलावर पाकीट जातं, हे सगळं तो एखाद्या कंत्राटदाराच्या थंडपणाने सांगतो. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजं कशी उगवली हे पाहिलेल्या तुमच्या निवृत्त शिक्षकांना हे पुस्तक आधी द्या. ते नाक मुरडतील आणि संपवतील.

दोषही त्याच पुस्तकात आहेत. नायिका आरती कुणाची व्हायची, हे शेवटी गोपाळ ठरवतो; तिला ठरवायला मिळतं ते त्याने रचलेल्या देखाव्यावरून. भगतांच्या नायिका चटपटीत बोलतात, पण कथानकाचं चाक त्यांच्या हातात क्वचितच येतं. 'वन इंडियन गर्ल'मध्ये (२०१६) निवेदकच बाई आहे, गुंतवणूक बँकेत मोठ्या पगारावर, गोव्यात लग्नाला उभी. तरी गोष्ट हलते ती कुठला पुरुष तिला काय म्हणाला यावर. तिच्या कामातले निर्णय झरझर उरकले जातात, आणि खरं तर तेच वाचायला मिळायला हवे होते.

दुसरा दोष सोडवणुकीचा. कॉल सेंटरवरच्या कादंबरीत सहा जण बसलेली क्वालिस बांधकामाच्या खड्ड्यावर लटकते आणि फोनवर साक्षात देव येतो. पात्रांना अडचणीत टाकताना बाहेर पडायची वाट पेरून ठेवली नाही की हे होतं. रहस्यकथावाला असलं काही करता तर वाचकांनी त्याला सोडलं नसतं.

मुद्रितशोधक

आडवाचकांनी किमतीचा उल्लेख केलाय, तिथेच अर्ध्या दोषांचं मूळ आहे. शंभर रुपयांच्या पुस्तकात वितरक आणि दुकानदार मिळून छापील किमतीचे चाळीस ते पन्नास टक्के घेतात. लेखकाला साधारण साडेसात ते दहा टक्के. मग कागद, छपाई, वाहतूक आणि न खपता परत येणाऱ्या प्रती. उरलेल्या चिल्लरीत संपादन बसवायचं असतं.

इंग्रजी प्रकाशनात संपादनाच्या चार पायऱ्या धरतात. पहिली रचनेची: कुठलं प्रकरण हवं, कुठलं पात्र नको. दुसरी वाक्यावाक्याची. तिसरीत व्याकरण आणि सुसंगती. चौथी मुद्रितं तपासण्याची. २००८ च्या आसपास कॉलेजातल्या प्रेमकथांची जी लाट आली (दुर्जोय दत्ता, रविंदर सिंग यांची पहिली पुस्तकं त्याच वर्षीची), तिच्या मागून आलेल्या ढिगातल्या कित्येक पुस्तकांत पहिल्या दोन पायऱ्या झाल्याच नसाव्यात असं वाटतं. लक्षणं ठरलेली: एकाच परिच्छेदात भूतकाळ आणि वर्तमानकाळ, तिसऱ्या प्रकरणात एकुलती एक असलेली मुलगी नवव्यात भावाला राखी बांधते, भांडण झालं म्हणून सांगतात पण ऐकवत नाहीत, आणि भावना दाटून आली की तीन-तीन उद्गारचिन्हं.

दुकानात पारखायचं असेल तर पहिलं पान वाचू नका. ते प्रत्येकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं. अडीचशे पानांच्या पुस्तकात १२० च्या आसपास उघडा आणि दोन पानं वाचा.

— संवादातली नावं बोटाने झाका. बोलणारा ओळखू येतो का? आजोबा, मैत्रीण आणि बॉस एकाच सुरात बोलत असतील तर पुस्तक खाली ठेवा.

— हिंदी शब्दामागोमाग त्याचा इंग्रजी अर्थ पात्राच्याच तोंडी घातलाय का? दिल्लीतला मुलगा स्वतःच्या आईला राजमा म्हणजे काय ते समजावत नाही. लेखकाचं लक्ष पात्राकडे नसून कुठल्यातरी परक्या वाचकाकडे आहे, एवढं त्यातून कळतं.

— 'म्हणाला'च्या शेजारी दर ओळीत रागाने, हळुवारपणे, खोडकरपणे असं काही चिकटलंय का? संवादात जोर नसला की ही ठिगळं लागतात.

— मग शेवटून तीस पानं आधी उघडा. अपघात, कर्करोग, दंगल किंवा बॉम्बस्फोट तिथे पहिल्यांदाच डोकावतोय असं वाटलं तर सावध. आधीच्या पानांत त्याची चाहूल नसेल, तर तो नुसता रडवायला आणलाय.

चारपैकी दोन ठिकाणी नापास झालं तर परत ठेवा. एक चुकलं तर चालेल, खपाऊ पुस्तकाला तेवढी सूट द्यावी.

या परीक्षेत सहज पास होणाऱ्या म्हणजे अनुजा चौहान. जाहिरातीत मुरलेल्या असल्यामुळे त्यांचा कान तयार आहे. 'दोज प्राइसी ठाकूर गर्ल्स'मध्ये (२०१३) दिल्लीच्या हेली रोडवर निवृत्त न्यायमूर्तींच्या पाच मुली आहेत, नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, अंजिनी ते ईश्वरी. पाचही जणींची बोलण्याची ढब वेगळी. नायक मात्र दर वेळी देखणा आणि हजरजबाबी असणार, ते गृहीत धरायचं.

काळाचौकी

हिंदी शब्दांच्या मुद्द्याला थोडी हरकत. उलटं टोकही आहे. अर्थ न देता शिव्या आणि बंबैया पेरली की पुस्तक आपोआप अस्सल होतं, असं गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं. दादरचा हवालदार बिहारी हिंदीत बोलतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही! मुंबईतल्या पोलीस ठाण्यात दोन हवालदार आपसात मराठीच बोलणार, आणि इंग्रजीत लिहिताना ते जाणवून द्यायला वाक्याचा घाट बदलावा लागतो. नुसता 'साला' टाकून भागत नाही.

यादीत जेरी पिंटोंचं 'मर्डर इन माहीम' (२०१७) हवंच. माटुंगा रोड स्टेशनच्या स्वच्छतागृहात प्रेत सापडतं, निवृत्त पत्रकार आणि इन्स्पेक्टर झेंडे तपासाला लागतात. खंडणी, भीती, गप्प बसणं, सगळं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तेव्हाच्या कलम ३७७ वर उभं आहे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले, त्यामुळे आज ते एका विशिष्ट काळाची नोंद म्हणूनही वाचता येतं. कोडं म्हणून सैल आहे. माणसं आणि जागा मात्र पक्क्या. वितरकाकडे मिळाली तर कल्पना स्वामिनाथन यांची लल्ली मालिकाही घ्या. साठी ओलांडलेली, पोलिसातून निवृत्त झालेली मुंबईकर बाई तपास करते. हिची जाहिरात कुणी केली नाही, हा या बाजाराचा आणखी एक दोष.

सई_दे

पौराणिक कादंबऱ्यांशिवाय ही चर्चा अपुरी, कारण मुलं सगळ्यात आधी तेच मागतील.

अमीश त्रिपाठी यांच्या शिवावरच्या तीन भागांच्या मालिकेतलं पहिलं, 'दि इमॉर्टल्स ऑफ मेलुहा', २०१० मध्ये आलं. पहिलं प्रकरण छापून दुकानांत फुकट वाटलं होतं, आणि ही युक्ती वाचकावर विश्वास असल्याशिवाय करता येत नाही. गुण म्हणजे कल्पनेची मांडणी. शिव हा तिबेटातला टोळीप्रमुख, काळ इसवी सनापूर्वी १९००, सिंधू संस्कृती हे सूर्यवंशी राज्य, सोमरस हे दीर्घायुष्याचं औषध. पहिल्या भागात वरदान वाटणारा सोमरस तिसऱ्यात संकटाचं मूळ ठरतो. तीन भागांवर पसरलेली पेरणी इतकी शिस्तीत करणारे थोडे.

दोष: माहिती देताना गोष्ट थांबते. कुणीतरी शिवाला राज्य फिरवून दाखवतं आणि धरणं, नगररचना, मुलं सरकारने वाढवायची पद्धत यावर व्याख्यान देतं. बृहस्पती तर प्राणवायू शरीर कसं झिजवतो आणि सोमरस ते कसं रोखतो हे विज्ञानाच्या तासासारखं समजावतो. पुढच्या रामचंद्र मालिकेत राम, सीता आणि रावण यांची स्वतंत्र पुस्तकं सीताहरणापाशी येऊन मिळतात. कल्पना छान, पण सलग वाचणाऱ्याला काही प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतात. वाचनालयासाठी तिन्ही घ्यायची गरज नाही.

सगळ्यात मोठी अडचण भाषेची, आणि ती एकट्या अमीश यांची नाही. सावंत-देसाईंना पुराणकाळ उभा करायला मराठीत संस्कृतप्रचुर शब्दसंपदा हाताशी होती. 'मृत्युंजय'मधला (१९६७) कर्ण आजच्या बोलीत बोलत नाही, तरी परका वाटत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे असा मधला सूर नाही. एक तर बायबलछापाचं जुनाट इंग्रजी, नाही तर आजच्या ऑफिसातलं. अमीश यांनी दुसरं निवडलं आणि त्यामुळे त्यांची पुस्तकं धावतात, पण शिव मधूनच एमबीए झाल्यासारखा बोलतो.

निवृत्त शिक्षकांसाठी एक जोडी सुचवते. कविता काणे यांच्या 'कर्णाज वाइफ'मध्ये (२०१३) कर्णाची दुसरी पत्नी उरुवी हे कल्पित पात्र मध्यभागी आहे. 'मृत्युंजय'मध्ये कुंतीसारखीच वृषालीही निवेदन करते. सावंतांची वृषाली सोसते आणि आठवते. काणेंची उरुवी नवऱ्याला द्रौपदीच्या वस्त्रहरणाचा जाब विचारते. गद्य म्हणून सावंत कितीतरी पुढे, प्रश्न विचारण्यात उरुवी पुढे. यावर शिक्षकांचं भांडण लावून द्या, कपाट आपोआप रिकामं होईल.

ग्रंथमित्र_ता

सगळ्यांचे आभार, मंडळापुढे हे छापून ठेवतो. दोनच शंका. प्रती किती घ्याव्यात? आणि आठवडी बाजारात ही पुस्तकं सत्तर-ऐंशी रुपयांना मिळतात, ती घ्यावीत का?

मुद्रितशोधक

बाजारातली घेऊ नका. त्या बहुतेक चोरट्या छपाईच्या प्रती असतात, आणि वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत चढवायला पावती लागेल ती मिळणार नाही. ओळखायच्या कशा: कागदातून मागच्या पानाची अक्षरं दिसतात, मुखपृष्ठाचे रंग फिके किंवा सरकलेले, समास वरखाली, आणि पुस्तक मधोमध पूर्ण उघडलं की कण्याचा डिंक तडकतो. मधली सोळा पानं गायब असणं किंवा दोनदा असणंही नेहमीचं. स्वस्त पडतात खऱ्या, पण दहा वाचकांत सुट्या होतात.

छापील किंमत आज साधारण अडीचशे ते साडेचारशे धरा, म्हणजे आठ हजारांत वीस-बावीस पुस्तकं. जिल्ह्याच्या वितरकाकडे वाचनालय सवलत मागा, सांगितल्याशिवाय देत नाहीत. भगत आणि अमीश यांची दोन-दोन पुस्तकं, प्रत्येकी दोन प्रती. बाकी सगळ्यांची एकेक. मालिकेचा पहिला भागच घ्या. तो तीन महिन्यांत किती वेळा बाहेर गेला ते नोंदवहीत बघून पुढचा मागवा. 'मेलुहा' मराठीतही आहे. मूळ पुस्तकाशेजारी ती प्रत ठेवा. अडलं की मुलं तिच्यात डोकावतील आणि पुन्हा इंग्रजीकडे वळतील. प्लास्टिकची जिल्द मात्र पहिल्याच दिवशी घाला, या बांधणीला दुसरा आधार नाही.