समीरची एल्कची रायफल: जगताप मंडळींच्या ग्रुपवरचा एक रविवार

समीर (डेन्व्हर), सकाळी ७:४२ (भारतातली वेळ)
सगळ्यांना नमस्कार. फोटो बघून घाबरू नका. भुवईवर तीन टाके पडलेत, डोळा शाबूत आहे. आज नेमबाजीच्या रेंजवर एका सहकाऱ्याची .३०० विन्चेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची जोरदार रायफल, चालवून बघितली. चौथ्या बाराला रायफल मागं आली आणि दुर्बिणीची कड भुवईत घुसली. मला ऑक्टोबरच्या पहिल्या रायफल सीझनचं एल्कच्या मादीचं लायसन्स ड्रॉमध्ये लागलंय. दुकानदार म्हणतो, एल्कला मॅग्नमशिवाय जाऊच नकोस. पैसे भरायच्या आधी तुम्हाला विचारतोय. मृणालताई आणि वसंतकाका, तुम्ही नक्की सांगा.

सुमनआत्या (सासवड), ७:४९
अरे देवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस ना? आणि एल्क म्हणजे कसलं जनावर?

समीर, ७:५२
घेतलं आत्या. एल्क आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण आणखी थोराड. मादी साधारण सव्वादोनशे किलो, नर तीनशेच्या वर.

किरणदादा (सासवड), ७:५८
मग दुकानदाराचं बरोबरच आहे की. उसात रानडुक्कर शिरतं तेव्हा कळतं रानातल्या जनावराचा जीव किती चिवट असतो ते. सव्वादोनशे किलोला बारीक गोळी मारून काय होणार? मोठं जनावर, मोठी गोळी.

मृणालताई (ग्रँड जंक्शन), ८:१५
समीर, आधी भुवईवर बर्फ लाव. आता सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या जिवाभावाचा आहे.

किरणदादा, तुमची भावना बरोबर आहे. जनावर खरंच चिवट असतं. पण एल्क गोळीच्या जाडीनं मरत नाही. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली की मरतो. ती जागा आपल्या जेवणाच्या ताटाएवढी असते. त्या ताटात गोळी गेली तर .३०८ आणि .३०० मॅग्नम यांतला फरक त्या जनावराला कळत नाही. ताटाबाहेर, पोटात गेली तर आणखी जाड .३३८ मॅग्नमही त्याला तिथं पाडत नाही. दुखावलेला एल्क दऱ्याखोऱ्यांतून काही मैल सहज जातो.

मी स्वतः ७ मिलिमीटर-०८ वापरते, १४० ग्रेन वजनाची गोळी. आमच्या कॅम्पवर सगळ्यात लहान रायफल माझी. गेल्या सहा सीझनमध्ये चार माद्या घेतल्या. सगळ्या दोनशे वारांच्या (यार्डांच्या) आत, आणि एकही शंभर पावलांपलीकडे गेली नाही. मी चांगली नेमबाज आहे असं अजिबात नाही. ती रायफल मला दचकवत नाही, एवढंच.

तू आज दचकलायस समीर. तीन बार खांद्यावर बसल्यावर चौथ्या बाराला शरीर आपोआप आकसतं, डोकं पुढं येतं, डोळे मिटतात आणि चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. भुवई त्यातच फुटली. एवढ्यावर सावध झालास तर उत्तम. ही सवय एकदा अंगात भिनली की काढायला वर्ष जातं.

समीर, ८:२१
ताई, तू लिहिलंयस अगदी तसंच झालं. चौथ्याला डोळे मिटले होते हे मला बार निघाल्यावर कळलं.

वसंतकाका (पुणे), ८:४०
चहा घेऊन बसलो आता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बत्तीस वर्षं काडतुसं तपासण्यात गेली, त्यामुळं शिकारीतलं नाही पण काडतुसातलं सांगू शकतो.

आधी शब्द नीट वापरा पोरांनो. काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळी केस, बुडाचा ठिणगी पाडणारा प्रायमर, आतली दारू आणि टोकाची गोळी. जनावराला लागते ती फक्त गोळी. कॅलिबर म्हणजे नळीचा आणि गोळीचा व्यास. .३०८ विन्चेस्टर, थर्टी-ऑट-सिक्स आणि .३०० विन्चेस्टर मॅग्नम या तिन्हींची गोळी एकाच व्यासाची, .३०८ इंच. बदलते ती केसची लांबी-रुंदी आणि आत मावणारी दारू. म्हणजे तीच गोळी कमी-जास्त वेगानं निघते.

यांची घराणी आहेत. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे ३० कॅलिबर, १९०६ साल. अमेरिकन लष्करानं त्या वर्षी स्वीकारलेलं. त्याच्याच केसची मान आवळून १९२५ साली .२७० विन्चेस्टर झालं. १९५२ ला आखूड .३०८ आलं, त्याची मान आवळून १९५५ ला .२४३ आणि नंतर मृणालचं ७ मिमी-०८. एका आईची लेकरं. मॅग्नमची शाखा वेगळी: ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम १९६२, .३०० विन्चेस्टर मॅग्नम १९६३.

आता जोर. १८० ग्रेनची गोळी थर्टी-ऑट-सिक्समधून सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी निघते, नळीच्या तोंडाशी जवळपास २९०० फूट-पाउंड जोर. .३०० मॅग्नममधून तीच सुमारे २९६० फुटांनी, ३५०० फूट-पाउंड. .३०८ मधून १६५ ग्रेन, साधारण २७०० फूट वेग, २६७० फूट-पाउंड. जोर फुकट मिळत नाही. आठ पाउंडांची रायफल धरली तर .३०८ चा धक्का १७-१८ फूट-पाउंड, थर्टी-ऑट-सिक्सचा वीसच्या आसपास, .३०० मॅग्नमचा २६ च्या पुढं. म्हणजे .३०८ च्या जवळपास दीडपट धक्का खांद्यावर. समीरच्या कपाळावर त्याची पावती आहेच.

सुमनआत्या, ८:४८
वसंतदादा, १८० ग्रेन म्हणजे किती रे?

वसंतकाका, ८:५१
सुमन, बरोबर एक तोळा. इंग्रजांनी तोळा ठरवला तोच १८० ग्रेनचा, ११.६६ ग्रॅम. तुझ्या बांगडीतलं एक तोळा सोनं हातात धर, तेवढंच वजन.

सुमनआत्या, ८:५७
एवढ्याशा गोष्टीनं एवढं मोठं जनावर. 🙏
समीर, मी माळकरी बाई. मला हे पटणार नाही, ते तुलाही ठाऊक आहे. तिकडं राहतोस, तिकडची रीत वेगळी, म्हणून अडवत नाही. पण एक विचारते. चुकलं तर ते जनावर किती वेळ तडफडतं?

मृणालताई, ९:२०
आत्या, हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या दुसऱ्या सीझनला आमच्या कॅम्पवर एक पाहुणा होता. नवी कोरी मॅग्नम, वर भलीमोठी दुर्बीण. उभ्या आयुष्यात त्यानं त्या रायफलचे वीस बारही काढले नसतील. संध्याकाळी चारशे वारांवरच्या मादीवर त्यानं बार काढला. गोळी पोटात गेली. अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचे थेंब शोधत होतो. दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधलं, रात्री बर्फ पडलं आणि माग पुसला गेला. ती मादी सापडली नाही. किती वेळ तडफडली असेल ते मी नाही सांगू शकत. मला आजही झोपेत तो उतार दिसतो.

म्हणून कुणी कॅलिबर विचारलं की मी उलट विचारते, किती लांबून मारणार आणि वर्षातून किती बार काढतोस?

अदिती (डेन्व्हर), ९:२६
ताई, वाचून पोटात कालवलं. आत्या, तुमच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. आम्ही दोघं यावर महिनाभर बोललो. मांस खातोच, तर निदान ते कुठून येतं ते आपल्या डोळ्यांनी बघावं, असं ठरलं. एक प्रश्न: घरात सहा वर्षांची मुलगी आहे. गोळीत शिसं असतं ना? ते मांसात उतरत नाही का?

वसंतकाका, ९:३८
सूनबाई, लाखातला प्रश्न विचारलास. उतरतं. शिशाची साधी गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण जखमेच्या बाजूला बरेच दूरपर्यंत पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. लहान मुलांसाठी शिसं वाईटच. त्यावर उपाय निव्वळ तांब्याची गोळी. ती पाकळ्यांसारखी उमलते, पण तुटत नाही. वजन जवळजवळ तेवढंच राहतं आणि खोल जाते.

आमच्या कारखान्यातली लष्करी गोळी मात्र संपूर्ण कवचाची, ती उमलत नाही. सुईसारखी आरपार जाते. ती शिकारीला चालत नाही ना मृणाल?

मृणालताई, ९:४७
नाहीच काका. कोलोरॅडोत कायद्यानंच बंदी. एल्कसाठी गोळी उमलणारीच हवी, किमान ८५ ग्रेनची. कॅलिबर किमान .२४, नळी किमान १६ इंच, आणि शंभर वारांवर किमान १००० फूट-पाउंड जोर. या हिशेबात .२४३ सुद्धा बसतं. पण ही कायद्याची खालची पायरी झाली. अनुभवी माणूस जवळून, शांत उभ्या जनावरावर .२४३ वापरू शकतो. पहिल्या वर्षीच्या माणसाला मी ते देणार नाही. जनावर थोडं तिरकं उभं राहिलं आणि खांद्याचं हाड आडवं आलं, तर हलकी गोळी आत पोचायच्या आधीच संपते.

गोळीची बांधणी कॅलिबरइतकीच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाची. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाची गोष्ट आमच्याकडं सगळे सांगतात. १९४६ साली कॅनडात मूस या थोराड हरणावर त्याच्या वेगवान मॅग्नमची गोळी वरच्यावर फुटली, आत गेलीच नाही. घरी येऊन त्यानं मधे पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा भाग उमलतो, मागचा भाग शाबूत राहून आत शिरतो. ती पार्टिशन गोळी आजही विकली जाते. म्हणजे त्या दिवशी त्याच्याकडं मॅग्नम होती, तरी जनावर पडलं नाही.

ओंकार (ऑस्टिन), १०:०५
मी ६.५ क्रीडमोर सुचवणार होतो. इकडं सगळ्यांकडं तीच दिसते, धक्काही कमी. आणि ताई, मी अजून एच-वन-बीवर आहे. पुढच्या वर्षी मलाही यायचं असेल तर बंदूक हातात धरता येते का?

मृणालताई, १०:१४
ओंकार, क्रीडमोर चांगली आहे, १४३ ग्रेनची गोळी सरळ आणि खोल जाते. तिनं दरवर्षी एल्क पडतात. पण ती २००७ साली आली तीच मुळात लक्ष्यावर नेम मारणाऱ्यांसाठी. एल्कला .३०८ थोडी जास्त मोकळीक देते आणि धक्का काही फार वाढत नाही. तुझ्याकडं क्रीडमोर असती तर दुसरी घे म्हटलं नसतं.

व्हिसाचं: बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे, पण एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे. लायसन्स हातात येईपर्यंत रेंजवरही कुणाची रायफल धरू नकोस. आणि वकिलाला विचारूनच पुढं जा, पुढं ग्रीन कार्डाचा प्रश्न असतो. त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स कर, १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथं तो लागतो.

किरणदादा, १०:२२
मृणाल, तुझं ऐकून माझं मत बदललं. तरी विचारतो, मग मॅग्नम बनवली कशाला?

मृणालताई, १०:३१
उघड्या रानात, तीन-चारशे वारांवरून, वर्षाला शेकड्यानं बार काढणाऱ्याच्या हातात ती सोनं आहे, दादा. तुमच्या डॅनदाजींकडं ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आहे आणि ते ती सुंदर चालवतात. वीस वर्षं चालवतायत. आपण जाणार त्या ग्रँड मेसाच्या रानात मात्र स्प्रूस आणि अॅस्पनची दाट झाडी आहे. तिथं बहुतेक संधी दीडशे वारांच्या आत मिळते.

समीर, १०:४४
म्हणजे .३०८, १६५ ग्रेन, तांब्याची गोळी. बरोबर?

मृणालताई, १०:५२
बरोबर. आणि नवी घेऊ नकोस. डॅनदाजींची जुनी .३०८ कपाटात आहे, ती ने. वाचलेल्या पैशांची काडतुसं घे, मॅग्नमपेक्षा स्वस्तही पडतात. पण आधी दोन आठवडे एकही बार काढू नकोस. घरात, रिकाम्या रायफलीनं, दोनदा नळी तपासून, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज पंचवीस वेळा चाप ओढ. मग रेंजवर कुणाला तरी काडतुसं भरायला सांग. मधूनच एखादं दारू नसलेलं काडतूस त्यानं तुला न सांगता भरायचं. त्या वेळी नळी हलली तर दचकणं अजून गेलेलं नाही, हे लगेच दिसतं.

दोनशे वारांवर शून्य करून घे, म्हणजे दुर्बीण अशी लाव की त्या अंतरावर गोळी नेमक्या ठिकाणी लागेल. मग शंभरवर गोळी दीड-दोन इंच वर लागेल आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली. हे पाठ कर. टेबलावरून नेम धरण्यात वेळ घालवू नकोस, रानात टेबल नसतं. गुडघ्यावर बसून, काठीच्या आधारानं, दमलेला असताना मार. दहापैकी नऊ गोळ्या ताटात पडतात ते अंतर तुझी हद्द.

सुमनआत्या, ११:०३
मला एवढंच कळलं की मोठ्या बंदुकीपेक्षा हात स्थिर पाहिजे. तेवढं कर बाळा.

समीर, तीन आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ९:१०
हिशेब देतो. रिकाम्या काडतुसावर नळी आता हलत नाही, आज पाचही वेळा बघितलं. गुडघ्यावरून, काठीच्या आधारानं, रेंजला दोन फेऱ्या पळून आल्यावर: दोनशे वारांवर दहापैकी नऊ ताटात. तीनशेवर सहा.

मृणालताई, ९:१८
मग तुझी हद्द दोनशे. दोनशेदहालाही कितीही सुंदर मादी उभी राहिली तरी बोट चापावर नेऊ नकोस. आणि पहिला बार चांगला बसला तरी ती बऱ्याचदा नुसती उभी राहते, काही झालंच नाही अशी. उभी आहे तोवर दुसरा मार. पडल्यावर अर्धा तास जागचा हलू नकोस.
सीझनच्या दोन दिवस आधी ये, दहा हजार फुटांवर झोपायची सवय व्हायला वेळ लागतो. नारिंगी जाकीट आणि टोपी आण. मजबूत पाठपिशवी आण, मांस खाली आणायला चार खेपा लागतात. उरलेलं सगळं आमच्याकडं आहे.

वसंतकाका, ९:२५
शाब्बास. काडतुसांची पेटी कोरड्या जागी ठेव, आणि एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली घे. लॉट बदलला की शून्य पुन्हा तपास.