तापास: कुठे खाल्लेत, काय खाल्लंत, कोणत्या गल्लीत?

स्पेनला निघालेलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "तापाससाठी एक चांगलं हॉटेल सांग ना." तापास म्हणजे तिथे बारमध्ये पेयाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ. माद्रिदला तीन वर्षं काढली म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. आणि दर वेळी मला आधी हेच सांगावंसं वाटतं, की एका हॉटेलात बसून सहा तापास मागवू नका. एका बारमध्ये उभ्या उभ्या तिथला एकच पदार्थ खायचा, पैसे चुकते करायचे आणि पुढचा बार गाठायचा. तिथे प्रत्येक बारचा हात एखाद्याच पदार्थावर बसलेला असतो. तो कोणता, हे कळलं की शहर आपलं झालं. म्हणून हा धागा काढते आहे. शहर, बार आणि पदार्थ तर लिहाच, पण तो कसा खाल्लात तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पुएर्ता देल सोल चौकाला लागून तेतुआन गल्लीत कासा लाब्रा आहे, 1860 सालापासून. 1879 मध्ये स्पेनचा समाजवादी पक्ष याच जागी स्थापन झाला. लोक येतात ते मात्र खारवलेल्या कॉड माशाच्या तळलेल्या तुकड्यासाठी. खाण्याची रांग वेगळी, पिण्याची वेगळी. दोघं असाल तर एकेकाने एकेक रांग धरायची. बाहेरचं आवरण भज्यासारखं फुगलेलं, दातांखाली कुरकुरतं, आणि आत मासा पाकळी पाकळी सुटणारा. मीठ इतकं नेमकं, की लिंबूसुद्धा लागत नाही. मी आणि माझी मैत्रीण शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तिथे जायचो आणि बाहेर रस्त्यावरच उभ्या राहून खायचो. दुसरा तुकडा घ्यायचा मोह होतो, पण पुढे व्हिक्तोरिया गल्लीत कासा देल आबुएलोची लसणातली कोळंबी असते. ती मातीच्या भांड्यात चरचरत समोर येते. कोळंबी संपली तरी भांडं परत देऊ नका. खाली उरलेल्या तेलात पाव बुडवायचा असतो.

*

ग्रानादा! मी तिथे सहा महिने शिकायला होतो. त्या शहरात तापा मागवावा लागत नाही, पेयाबरोबर तो फुकट येतो. दारूच घ्यायला हवी असंही नाही, मी बऱ्याचदा मोस्तो म्हणजे साधा द्राक्षरस घ्यायचो. पहिल्या पेल्याला एक पदार्थ, दुसऱ्याला दुसरा. काय येणार ते बारवाला ठरवतो. दोन-तीन बार फिरलं की जेवण होऊन जायचं, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला याहून मोठा आधार नव्हता.

नावास गल्लीतलं लोस दियामान्तेस तळलेल्या माशांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथली गर्दी सोसण्यासारखी आहे. पण माझा पदार्थ वेगळा, तळलेली वांगी. पातळ कापून पिठात घोळवून तळतात आणि वरून 'मिएल दे कान्या' सोडतात. शब्दशः अर्थ उसाचा मध. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा बोट चाटलं आणि जागेवरच थबकलो. ती काकवी होती! मी कोल्हापूरकडचा, गुऱ्हाळावर वाढलेला, ती चव मला झोपेतही कळेल. नंतर समजलं की अरबांनी तिकडे ऊस नेला, ग्रानादाच्या समुद्रकिनाऱ्यावर शतकानुशतकं तो पिकत होता आणि मालागाजवळच्या फ्रिखिलियाना गावात ती काकवी अजूनही बनते. खारट, कुरकुरीत वांगं आणि वर काकवीची धार. आमच्या घरी आता हे दर हिवाळ्यात होतं, आणि काकवी अर्थात गावाकडची.

*

शाकाहारी लोकांसाठी लिहिते. माझी आई कट्टर शाकाहारी, अंडंही खात नाही. तिला घेऊन सेव्हियाला गेले तेव्हा चार दिवस ती फळं आणि पावावर राहील अशी मनाची तयारी केली होती. एल रिंकोन्सियो नावाचा बार 1670 पासून आहे. छताला हॅम टांगलेले. आई दारातच म्हणाली, "अगं, इथे मी काय खाणार?" मी 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागवलं. पालक आणि काबुली चणे. मांसाचं काही नाही ना हे दोनदा विचारून घेतलं.

छोट्या बशीत घट्ट, हिरवट-तपकिरी भाजी आली. आईने पावाच्या तुकड्यावर घेतली, डोळे मिटून चावली आणि म्हणाली, "जिरं आहे यात. लसूणही. आणि घट्ट कशानं केलंय गं?" तळलेला पाव वाटून घालतात, मी सांगितलं. "मग आपण डाळीचं पीठ लावतो, तसंच की." तिने दुसरी बशी मागवायला लावली. वेटरने आमचा हिशोब समोरच्या लाकडी काउंटरवरच खडूने लिहिला होता. निघताना त्याने बेरीज केली, पैसे घेतले आणि आकडे पुसून टाकले. आईला आजही कॅथेड्रल फारसं आठवत नाही, तो खडू आठवतो.

एक सूचना: नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. हॅम आणि ट्यूना तिथे पुष्कळांच्या लेखी मांसात धरत नाहीत. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) असं नाव घेऊन सांगा. कोर्दोबाच्या साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटो आणि पावाच्या त्या दाट गार सूपवर, हॅमचे तुकडे आणि अंडं पेरलेलं असतं, तेही आधीच सांगावं लागतं.

*

वरच्या ताईंना दुजोरा. एका मोठ्या शहराच्या मुख्य चौकात, फोटोंचा मेनू लावलेल्या ठिकाणी मला 'भाजीच्या' सँडविचमध्ये ट्यूना मिळाला आणि बिलही दुप्पट आलं. दोन गल्ल्या आत गेलो असतो तर दोन्ही टळलं असतं.

*

उत्तरेचं कुणी लिहिलं नाही अजून. सान सेबास्तियानला तापास म्हणू नका, तिथे 'पिंचो'. जुन्या गावात बारला बार चिकटून आहेत. '31 ऑगस्ट' नावाची गल्ली आहे. 1813 साली त्या दिवशी शहर जळालं आणि जी काही घरं वाचली ती याच गल्लीतली, म्हणून हे नाव.

पहिला पिंचो 'हिल्दा' खावा. एका काडीवर हिरवं ऑलिव्ह, लोणच्यातली लांब मिरची आणि खारवलेली अँचोव्ही मासळी. 1946 च्या 'गिल्डा' (स्पॅनिश उच्चार 'हिल्दा') चित्रपटातल्या नायिकेवरून हे नाव पडलं: हिरवी, खारट आणि जराशी झोंबणारी. संपूर्ण काडी एका घासात. मिरची आपल्या मानाने सौम्य आहे, पण व्हिनेगर, मीठ आणि तेल एकदम तोंडात फुटतात तेव्हा भूक खवळते.

आणि बार नेस्तोर. दिवसाला दोनच तोर्तिया, म्हणजे बटाट्याची जाड ऑम्लेटं, करतात, एक दुपारी, एक रात्री. आधी जाऊन नाव लिहून यायचं, मग वेळेला हजर राहायचं. मी दोन दिवस हुकलो, तिसऱ्या दिवशी माझं नाव पुकारलं. बटाटा आणि कांदा इतका मऊ शिजलेला, की मधला भाग जेमतेम धरून होता. सुरी लावली की सावकाश बशीत सरकत होता. बटाटा आणि अंडं यातून इतकं निघू शकतं हे मी मान्य केलं ते तिथे.

*

लोग्रोन्यो, लाउरेल गल्ली, बार सोरियानो. फक्त मश्रूम करतात. तीन टोप्या एकावर एक, वर छोटी कोळंबी, खाली लसणाच्या तेलात भिजलेला पाव. एवढंच.

*

मी फोंड्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे बार्सिलोनात. इथल्या बार्सेलोनेता वस्तीच्या बाजाराशेजारी ला कोवा फुमादा आहे. दारावर पाटी नाही, गर्दी बघून ओळखायचं. सकाळी या, उशीर केलात तर सगळं संपलेलं. तिथला 'बोंबा' म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याचा गोळा, आत मसालेदार खिमा, तळून वर लसणाचा आयोली आणि तिखट सॉस. हा पदार्थ याच बारमध्ये जन्मला असं सारी बार्सेलोनेता सांगते.

मी पहिला घास घेतला आणि मला आमच्या शेजारच्या आंटीची बटाट्याची चॉप्स आठवली. तीच बटाट्याची पारी, तोच खिमा. आंटी चपटी करून रव्यात घोळवायची, हे गोल ठेवतात. बटाटा हा शब्दसुद्धा आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'बताता'वरून आला आणि इथे तो 'पाताता' आहे. काउंटरमागच्या आजोबांना मी फोनवर चॉप्सचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "आत व्हिनेगर घालता?" घालतो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि न मागता आणखी एक बोंबा माझ्यासमोर ठेवला.

*

फोंड्याच्या ताई, चॉप्सची कृती इथेच टाका ना. आणि कादिसला जाऊन आलेलं कुणी आहे का? तिथल्या बारीक कोळंबीच्या पातळ, जाळीदार 'तोर्तियितास'बद्दल वाचायचं आहे. पुढच्या महिन्यात जाते आहे.